परीकथेला पत्ता नसतो: जर्मन जंगलांसाठी कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमानं

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीतल्या जंगलांच्या मुलखात, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, हार्ट्स, थुरिंगिया, बव्हेरियन फॉरेस्ट अशा भागांत फिरायचं आहे आणि तिथल्या लोककथा व इतिहास समजून घेत फिरायचं आहे. इंग्रजी चांगलं येतं, जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, झालेलं आहे. कोणती पुस्तकं घ्यावीत, आणि ग्रिमबंधूंपासून सुरुवात केली तर चालेल का?

चालेल. फक्त ग्रिमबंधूंचं जे पुस्तक सगळे उचलतात, ते या कामाचं नाही. ‘किंडर उंड हाउसमेर्शेन’, म्हणजे लेकरांच्या आणि घरच्या गोष्टी, हा त्यांचा जगप्रसिद्ध संग्रह. त्यातल्या गोष्टींना पत्ताच नसतो. हॅन्सेल आणि ग्रेटेल एका मोठ्या जंगलाच्या तोंडाशी राहतात. कुठल्या जंगलाच्या, ते गोष्ट सांगत नाही. आपल्या कहाण्यांतलं आटपाट नगर नकाशावर शोधायला कुणी निघत नाही, तसंच हे. अशा गोष्टीला जर्मनमध्ये ‘मेर्शेन’ म्हणतात. दुसरा प्रकार ‘झागे’, अनेकवचन ‘झागेन’. अमक्या कड्यावर, तमक्या तळ्यात हे घडलं, असं गाव-शिवारासकट सांगणारी दंतकथा म्हणजे झागे. रायगडावरच्या हिरकणी बुरुजाची गोष्ट या हिशेबानं झागे ठरते. ग्रिमबंधूंनी स्वतःच 1816 साली हा फरक मांडून ठेवला होता: मेर्शेन अधिक काव्यमय, झागे अधिक ऐतिहासिक.

तेव्हा पहिलं पुस्तक ‘डॉइचे झागेन’. दोन खंड, 1816 आणि 1818, मिळून 585 दंतकथा. पहिल्या खंडात स्थळांशी बांधलेल्या कथा आहेत, दुसऱ्यात राजे, घराणी, टोळ्या यांच्या. पायी फिरणाऱ्याला पहिला खंड पुरतो. इंग्रजीत डोनाल्ड वॉर्ड यांनी केलेला संपूर्ण अनुवाद 1981 मध्ये दोन खंडांत आला; तो ग्रंथालयात किंवा जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधावा. कथा फार छोट्या आहेत, बऱ्याचशा अर्ध्या पानाच्या, आणि सलग वाचायला बसलात तर दहाव्या कथेला जांभई येईल. हे पुस्तक सलग वाचण्यासाठी नाहीच. मागच्या स्थळसूचीतून आपल्या मुलखातल्या कथा निवडायच्या आणि तेवढ्याच वाचायच्या.

दोन प्रकारांतला फरक एकाच व्यक्तिरेखेवर पाहता येतो. ‘फ्राउ होले’ ही मेर्शेन सर्वांना ठाऊक आहे: विहिरीत पडलेली मुलगी, गादी झटकणारी म्हातारी, आणि गादीची पिसं उडाली की जगात पडणारा बर्फ. त्यात जागा नाही. ‘डॉइचे झागेन’मध्ये मात्र हीच होले हेसेनमधल्या होहर माइसनर या डोंगरावरच्या एका तळ्यात राहते. तळ्यात उतरणाऱ्या बायकांना ती आरोग्य आणि संतती देते, तान्ही मुलं तिच्याच विहिरीतून येतात, आळशी सूत कातणारीची ती खोड मोडते. ते तळं आजही ‘फ्राउ होले टाइश’ म्हणून नकाशावर आहे. मेर्शेन वाचून तिथं गेलात तर एक छोटं तळं दिसेल. झागे वाचून गेलात तर जन्म, सूतकताई आणि हिवाळा या तिन्हींचं एकत्र ठाणं दिसेल.

मेर्शेन घ्यायचीच असेल तर कोणती आवृत्ती?

हे विचारल्याशिवाय ग्रिम विकत घेऊ नये. पहिला खंड 1812 चा, दुसरा 1815 चा. त्यानंतर बंधूंच्या हयातीत सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे 1857 पर्यंत, विल्हेल्म मजकूर घासत-पुसत राहिला. पहिल्या आवृत्तीत स्नोव्हाइटचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. 1819 मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल-ग्रेटेलची आई सावत्र व्हायला 1840 उजाडलं. पहिल्या आवृत्तीतली रॅपन्झेल भाबडेपणानं विचारते की माझे कपडे आताशा घट्ट का होतात. तिला दिवस गेलेत हे वाचकाला कळतं. पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ गेली. पहिल्या आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद जॅक झाइप्स यांनी केला आणि तो प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनानं 2014 मध्ये छापला. 1884 चा मार्गारेट हंट यांचा अनुवाद शेवटच्या आवृत्तीवरून केलेला, हक्कमुक्त आणि जालावर सहज मिळणारा. मोफत म्हणून हंट आणि ‘मूळ ग्रिम’ म्हणून झाइप्स, अशी दोन्ही उतरवून घेतली की दोन्हींतली एकच गोष्ट जुळत नाही आणि वाचणारा चक्रावतो. त्यातला कुठलाही अनुवाद चुकलेला नसतो. मधली पंचेचाळीस वर्षं तिथं बोलत असतात.

जर्मनमध्ये घ्यायचं तर हाइन्त्स र्‍योलेके यांनी संपादित केलेली रेक्लाम प्रकाशनाची तीन खंडांची आवृत्ती. तिचा तिसरा खंड बहुतेक लोक घेतच नाहीत आणि नेमका तोच कामाचा आहे: ग्रिमबंधूंच्या मूळ टिपा आणि कुठली गोष्ट कुणाकडून मिळाली त्याची नोंद. ती यादी चाळली की झोळी अडकवून रानोमाळ, झोपडी-झोपडीत गोष्टी गोळा करणाऱ्या दोन भावांचं चित्र पुसलं जातं. बऱ्याच गोष्टी कासेल शहरातल्या बैठकीच्या खोल्यांत मिळाल्या. औषधविक्रेत्या विल्ड कुटुंबातल्या मुली, फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) वंशाचं हासेनफ्लूग कुटुंब, आणि खानावळवाल्याच्या घरात वाढलेली डोरोथेआ फीमान या त्यांच्या मुख्य सांगणाऱ्या. ‘फ्राउ होले’ डोर्टशेन विल्डनं सांगितली; पुढे ती विल्हेल्मची बायको झाली. तेव्हा जर्मन परीकथा जंगलातून आली हे वाक्य कुठल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर दिसलं तर ते पुस्तक जरा जपून वाचावं.

हेच पर्यटनालाही लागू. हानाउपासून ब्रेमेनपर्यंत जाणारा सुमारे 600 किलोमीटरचा ‘परीकथा मार्ग’ 1975 मध्ये आखला गेला. त्यावर झाबाबुर्गचा किल्ला निद्रिस्त राजकन्येचा आणि ट्रेंडेलबुर्गचा बुरूज रॅपन्झेलचा म्हणून दाखवतात. गोष्टीत या दोन्ही नावांचा मागमूस नाही. जागा छान आहेत, जरूर जा. फक्त पुस्तकात त्यांचा पुरावा शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

जंगल म्हणजे कारखाना

लोककथांच्या आधी किंवा निदान बरोबरीनं एक इतिहासाचं पुस्तक वाचावं, नाहीतर समोर दिसणाऱ्या झाडांविषयी मोठा गैरसमज होतो. काळोखी, सरळसोट, ओळीनं उभी असलेली स्प्रूसची झाडं पाहून ‘हेच ते ग्रिमचं जंगल’ असं वाटतं. हार्ट्समध्ये आणि मध्य जर्मनीतल्या कितीतरी डोंगरांवर ही दाटी प्रामुख्यानं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या लागवडीची आहे. ग्रिमबंधूंच्या काळी जंगल बरंच विरळ होतं: ओक आणि बीच ही झाडं, खाली चरणारी गुरं, ओकची फळं खाऊन माजणारी डुकरं, अधूनमधून तोडीचे उघडे पट्टे. त्या जंगलाचा नमुना पाहायचा तर राइन्हार्ड्सवाल्डमधलं ‘उरवाल्ड झाबाबुर्ग’ पाहावं. 1907 पासून ते राखलेलं आहे. नावात ‘आदिम अरण्य’ असलं तरी ते जुनं चराऊ रान आहे. ते प्रचंड ओक इतके ऐसपैस पसरले, कारण गुरांमुळे त्यांच्या भोवती दुसरं झाड वाढलंच नाही.

यासाठी हान्सयोर्ग क्युस्टर यांचं 1998 चं ‘गेशिश्टं देस वाल्डेस’ हे पुस्तक उत्तम. हिमयुगानंतर बीच कधी कुठवर पसरला इथपासून ते सुरू होतं. जर्मन बी-१ वर ते जड जाईल. इंग्रजीत योआखिम राडकाउ यांचं लाकडाच्या इतिहासावरचं ‘वुड: अ हिस्टरी’ घ्यावं. अठराव्या शतकात ‘लाकूड संपत आलं’ अशी जी ओरड झाली, ती कितपत खरी आणि कितपत खाणमालक व राजसत्तेच्या सोयीची, हा राडकाउ यांचा आवडता प्रश्न. त्यामुळे 1713 च्या कार्लोवित्सच्या ग्रंथाकडेही, ज्यात टिकाऊ तोडीचा विचार पहिल्यांदा शब्दबद्ध झाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं: कार्लोवित्स फ्रायबेर्गचा खाण-अधिकारी होता, आणि त्याला काळजी होती भट्ट्यांना लाकूड पुरण्याची.

मराठी वाचकाला हा धागा परका नाही. भारताच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिश ब्रांडिस हे बॉनचे. 1864 मध्ये ते त्या पदावर आले. त्यांच्यानंतरचे श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. सह्याद्रीतल्या ‘राखीव वना’च्या पाटीमागची मोजणी, आखणी, कूप पाडून तोड ही विचारसरणी बरीचशी याच जर्मन शाळेतली. क्युस्टर किंवा राडकाउ वाचताना हे ओळखीचे चेहरे भेटत राहतात.

या पुस्तकांचा प्रत्यक्ष उपयोग असा, की कथेतले धंदे जमिनीवर ओळखता येतात. ‘क्योलर’ म्हणजे लोणारी, कोळसा पाडणारा. चार-पाच किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा मिळे, म्हणून कोळसा जंगलातच पाडत आणि मगच खाली नेत. उतारावर मध्येच ताटासारखी गोल सपाट जागा दिसली, आणि काठीनं पाचोळा बाजूला केल्यावर माती काळी निघाली, तर ती कोळशाच्या भट्टीची जागा. गावाच्या नावात ‘हुट्टं’ असेल तर तिथं भट्टी किंवा काचकारखाना असण्याचा संभव. काचेसाठी जळणापेक्षाही जास्त लाकूड राखेतून पोटॅश काढण्यात जाई, म्हणून काचवाले एक रान संपवून पुढच्या रानात सरकत. ‘रोडं’, ‘रोडा’, ‘रॉइट’ ही शेपटं जंगल तोडून वसवलेल्या गावांची: वेर्निगेरोडं, एल्बिंगेरोडं. ‘श्वांड’ म्हणजे झाडांची साल गोल सोलून, ती उभ्याउभ्या वाळवून मोकळी केलेली जमीन. ही चार-पाच शेपटं पाठ असली की नकाशा अर्धा वाचून होतो.

मुलूख आणि पुस्तकं

ब्लॅक फॉरेस्ट, जर्मनमध्ये श्वार्ट्सवाल्ड, यासाठी एकच गोष्ट निवडायची तर विल्हेल्म हाउफची ‘दास काल्टे हेर्त्स’, थंड काळीज. हाउफ 1827 मध्ये पंचविशीच्या आत गेला. ही त्याच्या शेवटच्या वर्षातली. लिखित, साहित्यिक परीकथा असूनही तिला पक्का पत्ता आहे. सुरुवातच जंगलाच्या दोन बाजूंच्या माणसांनी होते: एकीकडे काच करणारे, दुसरीकडे लाकडाचे तराफे नागोल्ड नदीतून नेकारमध्ये, तिथून ऱ्हाईनमध्ये आणि पुढे थेट हॉलंडपर्यंत नेणारे. मधे पेटर मुंक हा लोणारी, ज्याला दोघांचाही हेवा वाटतो. काचेचा बुटका भला आणि तराफेवाल्यांचा ‘हॉलंडी मिशेल’ काळीज विकत घेणारा: भुतांची ही जोडी म्हणजे दोन धंद्यांमधली तेढ आहे. हॉलंडच्या जहाजांना आणि इमारतींना लागणारं सरळ लांब फरचं लाकूड इथूनच जाई, आणि त्या पैशानं गावांत काय उलथापालथ झाली ते यातून जितकं कळतं तितकं आकड्यांतूनही कळत नाही. विकत घेताना एक सांभाळा: मूळ पुस्तकात ही कथा ‘श्पेसार्टमधली खानावळ’ या चौकटकथेत दोन तुकड्यांत विभागलेली आहे. स्वस्त संकलनांत कधी पहिलाच भाग येतो आणि पेटर काळीज परत मिळवतो की नाही ते कळतच नाही. ‘एर्स्टं’ आणि ‘त्स्वाइटं आप्टाइलुंग’ दोन्ही आहेत का, ते अनुक्रमणिकेत पाहून घ्यावं.

ग्रिमेल्सहाउझेनची ‘सिम्प्लिसिसिमुस’ ही कादंबरी, 1668-69, हा दुसरा आधार. तीस वर्षांच्या युद्धात (1618-48) जंगल म्हणजे काय होतं, ते यात आहे: श्पेसार्टमधलं लुटलेलं घर, रानात पळालेलं पोर, त्याला वाढवणारा संन्यासी. पाचव्या भागात नायक ब्लॅक फॉरेस्टमधल्या मुमेलझे तळ्याच्या तळाशी जाऊन येतो. या तळ्यात दगड टाकला की वादळ उठतं अशी समजूत होती आणि ग्रिमबंधूंनीही तिची दखल घेतली आहे. मूळ जर्मन सतराव्या शतकातलं, त्याच्या वाटेला जाऊ नये. राइन्हार्ड काइझर यांचं 2009 चं आजच्या जर्मनमधलं रूपांतर किंवा माइक मिचेल यांचा इंग्रजी अनुवाद घ्यावा. मुमेलझेला मात्र सकाळी लवकर जा. ते मुख्य पर्यटनरस्त्याला लागूनच आहे, आणि दुपारी तिथं जलपरीऐवजी मोटारींची रांग दिसते.

हार्ट्सवर सर्वांत जास्त लिहिलं गेलं आहे आणि सर्वांत जास्त भुसाही तिथलाच. ब्रोकेन, उंची 1141 मीटर, वालपुर्गिस रात्र (30 एप्रिलची), चेटकिणींचा मेळा: हे सगळं ‘ख्रिस्तपूर्व जर्मन धर्माचे अवशेष’ म्हणून विकलं जातं. कागदोपत्री साखळी अशी आहे. वालपुर्गा ही आठव्या शतकातली मठाधिपती संत, आणि तिचा सण 1 मेला आला. ब्रोकेनच्या मेळ्याला एक अख्खं पुस्तक वाहिलं ते योहान्नेस प्रेटोरिउसनं, 1668 मध्ये. कवी गोएथेनं ते वापरलं; तो स्वतः 10 डिसेंबर 1777 ला बर्फातून ब्रोकेन चढला होता, आणि 1808 च्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागानं त्या डोंगराला कायमचं चेटकिणीचं करून टाकलं. पर्यटन त्यानंतरचं. खऱ्या चेटकीण-खटल्यांसाठी वोल्फगांग बेरिंगर यांचं ‘हेक्सेन’ हे बेक प्रकाशनाच्या खिशात मावणाऱ्या मालिकेतलं छोटं पुस्तक पुरेसं आहे. श्रद्धा, छळ आणि बाजार असे तीन शब्द त्याच्या उपशीर्षकातच आहेत.

हार्ट्ससाठी बरोबर न्यायचं पुस्तक म्हणजे कवी हाइनरिश हाइनेचं ‘दी हार्ट्सराइझं’. 1824 मध्ये तो ग्योटिंगेनहून निघाला, ओस्टेरोडं, क्लाउस्टाल, गोस्लार करत ब्रोकेनवर गेला आणि इल्झं नदीच्या काठानं इल्झेनबुर्गला उतरला. शेवटचा टप्पा आजही त्याच्याच नावाची पायवाट म्हणून चालता येतो. पुस्तक रेक्लामच्या पिवळ्या पुस्तिकेत एका संध्याकाळचं आहे, पण टिपांशिवाय घेऊ नका, कारण निम्मे टोमणे ग्योटिंगेनच्या प्राध्यापकांना आहेत. क्लाउस्टालच्या खाणीत शिडीनं उतरण्याचा भाग सावकाश वाचावा. हार्ट्सचा खरा इतिहास चांदीचा आहे, चेटकिणींचा त्यावरचा मुलामा. झाडीत दिसणारी शांत तळी बहुतेक माणसानं बांधलेली आहेत. खाणींतली चाकं फिरवायला पाणी लागे, त्यासाठी धरणं आणि जवळजवळ समपातळीत वाहणारे पाट काढले. त्या पाटांच्या कडेच्या वाटा दमछाक न होता दिवसभर चालायला सर्वांत चांगल्या. गोस्लारची रामेल्सबेर्ग खाण 1992 पासून जागतिक वारशात आहे, ही पाणीव्यवस्था 2010 मध्ये जोडली गेली. दंतकथांसाठी हाइनरिश प्र्योले यांचा ‘हार्ट्सझागेन’ हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा संग्रह. आणि मनाची तयारी ठेवा: 2018 पासूनचे कोरडे उन्हाळे आणि सालकिडे यांनी इथली स्प्रूसची राई मोठ्या प्रमाणावर मारली. जुन्या मार्गदर्शिकेतला हिरवा फोटो पाहून गेलात तर राखाडी खोडं दिसतील.

थुरिंगियासाठी लुडविग बेक्स्टाइन. मेर्शेनच्या त्याच्या पुस्तकापेक्षा 1853 चा ‘डॉइचेस झागेनबुख’ जास्त उपयोगी: बरोबर 1000 दंतकथा, आणि मांडणी प्रदेशानुसार, ऱ्हाईनपासून निघून गावामागून गाव. ज्या भागात जाल तिथली वीस-पंचवीस पानं छापून घेतली की झालं. क्युफहॉइझर डोंगरात झोपलेला सम्राट ही तिथली प्रसिद्ध कथा, आणि दंतकथा कशी नाव बदलते याचा धडा. आधी ती 1250 मध्ये वारलेल्या दुसऱ्या फ्रीडरिशबद्दल सांगत. मागाहून तिथं त्याचा आजा, 1190 मध्ये गेलेला बार्बारोसा, येऊन बसला. र्‍युकेर्टच्या 1817 च्या कवितेनं ते पक्कं केलं आणि 1896 मध्ये डोंगरावर स्मारक उभं राहिलं. स्मारकाच्या पायऱ्या चढताना लोककथा किती आणि साम्राज्याचं राजकारण किती, हे ज्याचं त्यानं मोजावं.

बव्हेरियन फॉरेस्टमध्ये अडचण सीमेची. आडाल्बेर्ट श्टिफ्टरची ‘होखवाल्ड’, 1842, ही या डोंगररांगेची सर्वांत सुंदर कथा, पण तिच्यातलं तळं आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि श्टिफ्टरचं जन्मगाव ओबरप्लान नकाशावर होर्नी प्लाना म्हणून सापडतं. 1945 नंतर तिथली जर्मनभाषक वस्ती हाकलली गेली, काही गावंच उरली नाहीत. म्हणून इथं दोन्ही भाषांतली नावं असलेला नकाशा हवा. शेजारच्या ओबरफाल्त्स प्रदेशासाठी लोककथा-संग्राहक श्योनवेर्थ: 1857 ते 1859 मध्ये त्यानं चालीरीती आणि दंतकथांचे तीन खंड छापले, न छापलेल्या कथा रेगेन्सबुर्गच्या दप्तरात पडून राहिल्या. त्यांतल्या निवडक कथा इंग्रजीत ‘द टर्निप प्रिन्सेस’ म्हणून मारिया टाटर यांच्या अनुवादात 2015 मध्ये आल्या. ग्रिमसारखा हात फिरलेला नसल्यानं या कथा खडबडीत, अर्धवट, मध्येच तुटणाऱ्या आहेत; सांगणाऱ्याचा श्वास त्यांतच ऐकू येतो.

ट्यूटोबुर्गच्या जंगलासाठी रोमन इतिहासकार टॅसिटसची ‘जर्मानिया’, इ.स. 98. पानं थोडी, पण तो स्वतः तिथं गेल्याचा पुरावा नाही हे ध्यानात ठेवून वाचावी. इ.स. 9 मध्ये तीन रोमन सैन्यदळं कापली गेली ती जागा म्हणून डेटमोल्डजवळ 1875 मध्ये पुतळा उभारला. 1987 पासूनचे अवशेष मात्र ओस्नाब्रुकच्या उत्तरेला काल्क्रीझंला मिळाले. त्या टेकड्यांना ‘ट्यूटोबुर्गचं जंगल’ हे नावही सतराव्या शतकात टॅसिटस वाचूनच चिकटवलेलं. आधी त्या ओस्निंग होत्या.

वाचताना काय चुकतं

एकोणिसाव्या शतकातले संग्रह फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत आहेत. त्यात लांब ‘एस’ आणि ‘एफ’ जवळजवळ सारखे दिसतात. ‘एफ’ची आडवी रेघ खांबाच्या आरपार जाते, ‘एस’ची जात नाही. मोठे ‘बी’ आणि ‘व्ही’, छोटे ‘के’ आणि ‘टी’ हेही फसवतात. दहा-पंधरा पानं मोठ्यानं वाचली की डोळा बसतो. यंत्रानं वाचलेल्या प्रतींत हाच घोटाळा असतो, म्हणून जालावरच्या प्रतीत गावाचं नाव शोधून सापडलं नाही तर ते पुस्तकात नाही असं समजू नये. त्यात 1901 पूर्वीचं लेखन वेगळं: दरीसाठीचा शब्द ‘टाल’ तेव्हा ‘टी’नंतर ‘एच’ घालून लिहीत. दोन्ही तऱ्हांनी शोधा.

नावं सारखी असणं हा दुसरा सापळा. ‘टॉइफेल्समाउअर’, सैतानाची भिंत, हार्ट्सच्या उत्तर कडेला आहे. ती वाळूच्या दगडाची नैसर्गिक रांग. बव्हेरियातही सैतानाची भिंत आहे. ती रोमन सीमेची तटबंदी. ‘ब्लॉक्सबेर्ग’ म्हणजे ब्रोकेन हे खरं, पण त्या नावाच्या टेकड्या इतरत्रही आहेत. म्हणून प्रत्येक कथेपुढे चार गोष्टी लिहाव्यात: पुस्तक आणि कथेचा क्रमांक, मजकुरातलं गाव जसंच्या तसं, त्याच्या शेजारचं दुसरं गाव किंवा नदी, आणि आजच्या नकाशावरची जागा. तिसरा रकाना भरता आला नाही तर चौथा भरू नये. नकाशा 1:25,000 चा हवा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. 1:50,000 वर तळं दिसतं, कडा दिसत नाही.

1933 ते 1945 मधली लोकसाहित्याची पुस्तकं जुन्या बाजारात देखणी आणि स्वस्त मिळतात. त्यांत प्रत्येक रूढी ‘आर्य-जर्मानिक’ असते. संदर्भ म्हणून चालतील, पहिलं पुस्तक म्हणून नकोत. त्याआधीचे विद्वानही या हव्यासातून सुटलेले नाहीत. याकोब ग्रिमनं ‘ओस्टारा’ ही देवता इंग्रज साधू बीडच्या एका उल्लेखावरून उभी केली. कसोटी सोपी आहे: लेखक सर्वांत जुनी लेखी नोंद कधीची ते सांगतो का? ‘हजारो वर्षांपासून’ म्हणून पुढे सरकत असेल तर पुस्तक परत मांडणीवर ठेवा.

झाडांविषयीची आजची गाजलेली पुस्तकं, विशेषतः आयफेलमधल्या वनरक्षक पेटर वोललेबेन यांचं, वाचनीय आहेत. झाडांना माणसासारख्या भावना बहाल करण्यावर वनशास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेप माहीत असू द्यावेत. लोककथेशी त्यांचा संबंध नाही.

मिळवण्याबद्दल: ग्रिम, बेक्स्टाइन, हाउफ, हाइने हक्कमुक्त आहेत आणि झेनो डॉट ऑर्ग, जर्मन विकिसोर्स किंवा इंटरनेट आर्काइव्हवर बहुतेक सापडतात. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. वॉर्ड, झाइप्स, टाटर विकतच घ्यावे लागतील. पुणे आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करावी; त्यांची डिजिटल पुस्तकसेवा घरबसल्या वापरता येते.

बी-१ जर्मन असताना आधी ओटफ्रीड प्रॉइसलरची ‘क्राबाट’, 1971, वाचावी: पूर्व जर्मनीतल्या लाउझित्समधल्या सोर्ब या स्लाव लोकांची दंतकथा, श्वार्त्सकोल्म गावाजवळची काळी गिरणी, आणि वाक्यं छोटी. मग ग्रिमच्या दहा-बारा मेर्शेन, त्याही भूतकाळाची रूपं डोळ्याखालून जावीत म्हणून. ‘वुर्डं’ऐवजी ‘वार्ड’ हे त्याच क्रियापदाचं जुनं रूप दिसलं तर दचकू नये. त्यानंतर हाउफ, आणि शेवटी झागेन. तीन महिने हातात असतील तर पहिला महिना भाषा, दुसरा इतिहास, तिसरा एकाच मुलखाच्या पंचवीस दंतकथा आणि नकाशा. चार मुलूख एकदम घेतले की एकही लक्षात राहत नाही.

पहिला मुलूख कुठला, तर हार्ट्स. ब्लॅक फॉरेस्ट अधिक देखणा आहे, पण तिथं अंतरं मोठी आणि वाचन विखुरलेलं. हार्ट्समध्ये हाइनेची पुस्तिका, प्र्योलेची छापून घेतलेली पानं आणि एक-दोन नकाशे एवढ्यावर आठवडा निघतो. ब्रोकेनवर वर्षातले बहुतेक दिवस धुकं असतं. त्या दिवशी गोस्लारच्या खाणीत उतरावं.